गांगुर्डे नानांचे थांबे

दिंडोरी नाक्याकडे जाणाऱ्या आमच्या गल्लीत गांगुर्डे नानांना पत्ता विचारण्याची चूक परका माणूस एकदाच करत असे.

स्कूटरवरून आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना ब्यूटी पार्लर कुठे आहे, असे विचारले. बायकोला घ्यायला आले होते. नानांनी हात लांब केला. “सरळ जा. कंदिलवाला सोडा. लोहार सोडा. कल्हईवाला उजव्या हाताला ठेवा आणि पिंजाऱ्यापाशी उतरा.” गृहस्थ निघाले. गल्लीत त्या वेळी कंदिलाचे दुकान नव्हते, लोहार नव्हता, कल्हईवाला नव्हता आणि पिंजारीही नव्हता. ते दुसऱ्या टोकाला बाहेर पडले, वळसा घालून परत आले, तेव्हा नाना तिथेच उभे होते.

“पुढे गेलात,” नाना म्हणाले. “मी पिंजारी सांगितला होता.”

“अहो, पण पिंजारी आहे कुठे?”

“तो मालेगावला गेला. झाली की बरीच वर्षं.”

“मग?”

“मग काय? त्याच्यापाशी उतरा म्हटलं. त्याला भेटा नाही म्हटलं.”

निवृत्ती गांगुर्डे एसटीत कंडक्टर होते. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी नाशिक–सुरगाणा मार्गावर काढली. मुक्कामाची गाडी असे. आज जायचे, उद्या परत यायचे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ते निवृत्त झाले. त्याच्या थोडे आधी मी एका स्थानिक दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो आणि या गल्लीत भाड्याने राहायला आलो. माझ्या खोलीच्या खिडकीतून गल्लीतली जवळपास सगळी दुकाने दिसत. ती बदलताना मी पाहिली आणि नानांनी ती बदलू न देण्याचा केलेला प्रयत्नही पाहिला. इथे लिहितो आहे ते बहुतेक डोळ्यांदेखतचे आहे. ऐकीव असेल तिथे तसे सांगेन.

नाना अंगाने सडपातळ होते आणि निवृत्तीनंतरही खाकी पॅण्टच घालत. उभे राहताना पाय फाकवून उभे राहत; जमीन केव्हाही हलेल, आपण तयार असलेले बरे, असा त्या उभे राहण्यात विचार असे. आवाज एकाच मापाचा होता आणि ते माप भरलेल्या गाडीचे होते. देवळाच्या रांगेत ते “मध्ये जागा आहे, पुढे सरका” असे म्हणत आणि रांग खरोखर सरके. लग्नात अक्षता पडल्या की मंडळी ज्या निकराने जेवणाकडे निघत, ती गर्दी नाना एकटे आवरत. “उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या!” एवढे ते म्हणत. कोण कुठून उतरत आहे हे कुणालाच कळत नसे, पण लोक थांबत.

सकाळी दुकाने उघडायच्या वेळी नाना गल्लीतून फेरी मारत. मी आलो तेव्हा दुकानांना लाकडी फळ्या होत्या. एकेक फळी खोबणीतून काढून आत नेऊन ठेवायची, असा तो सावकाश कार्यक्रम चाले. पुढे पुढे लोखंडी शटरे आली आणि सकाळचा आवाज बदलला. नानांची फेरी मात्र तीच राहिली. प्रत्येक दुकानासमोर ते थांबत, तिकिटांना भोके पाडायचा जुना चिमटा हाताला लागेल त्या लोखंडावर दोनदा वाजवत आणि दुकानाचे नाव मोठ्याने पुकारत. (हा चिमटा वास्तविक खात्यात जमा व्हायला हवा होता. गल्लीत हा विषय कोणी काढत नसे.)

पुकारलेले नाव अर्थातच त्या दुकानाचे नसे.

आमची गल्ली पूर्वी डोंगराकडून येणाऱ्या माणसांची गल्ली होती. पेठ, सुरगाणा या बाजूचे लोक नाशकात आले की त्यांना लागेल ते इथे मिळे: कंदील आणि त्याच्या काचा, विळे-कोयत्या, घोंगड्या, भांड्यांना कल्हई. मग वीज पसरली, स्टील आले, प्लॅस्टिक आले. कंदिलवाल्याने स्टोव्ह दुरुस्ती सुरू केली, ती चालेना तेव्हा दुकान विकले. तिथे रेडिओ, मग टीव्ही आणि शेवटी व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देण्याचा धंदा आला. कधीच बंद पडलेल्या लोहाराच्या भट्टीच्या जागी स्कूटरच्या सुट्या भागांचे दुकान झाले. कल्हईवाल्याच्या खोपटात झेरॉक्सचे मशीन बसले. पिंजाऱ्याची धनुकली जिथे टणत्कार करी, तिथे गुलाबी पाटीचे ब्यूटी पार्लर आले. यातले कोणतेही दुकान नानांनी मान्य केले नाही.

“थांब्याचं नाव बदलत नसतं,” असे ते म्हणत. हा त्यांचा सिद्धान्त होता. मी एकदा त्याचे स्पष्टीकरण मागितले.

“आमच्या रूटवर घाटात एक थांबा होता, मोठा आंबा,” ते म्हणाले. “तो आंबा मी नोकरीला लागायच्या आधीच पडला. पण ‘मोठा आंबा’ म्हटलं की बाया उठायच्या, टोपल्या उचलायच्या. आता मी काय ‘पडलेला आंबा’ म्हणायचं?”

“पण नाना, दुकान म्हणजे थांबा नव्हे.”

“माणूस थांबतो ना तिथं?”

“थांबतो.”

“मग झालं.”

पार्लरच्या सुलभाताईंनी सुरुवातीला हे फार मनाला लावून घेतले. सकाळी सकाळी दारासमोर दोन टोले आणि “पिंजारी!” अशी आरोळी. पहिल्याच आठवड्यात त्या बाहेर आल्या.

“नाना, मी पुण्याला रीतसर कोर्स केलाय. सर्टिफिकेट लावलंय आत.”

“चांगलं केलंत. पोरीबाळींनी शिकावंच.”

“मग मला पिंजारी काय म्हणता?”

“तुम्हाला कुठं म्हणतो? जागेला म्हणतो.”

सुलभाताईंनी वर्षभर भांडून पाहिले. नंतर त्यांनीच गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, “आमचे नाना म्हणतात त्यात तसं खोटं काही नाही. तो कापूस पिंजायचा, मी केस पिंजते.” व्हिडिओवाल्याने वेगळा मार्ग धरला. त्याने नानांना दुकानात बसवून एक आख्खा सिनेमा दाखवला, मध्ये चहा पाजला आणि शेवटी विचारले, “आता तरी दुकानाचं नाव घ्याल ना?” नाना उठले. “पिक्चर झकास होतं,” ते म्हणाले. “कंदिलवाल्याकडे एवढी करमणूक कधी झाली नव्हती.”

माझीही पाळी आली. रविवारच्या अंकात मी गल्लीवर एक लहानसा लेख लिहिला होता. नाना तो घडी करून घेऊन आले. एका ओळीवर त्यांचे बोट होते.

“‘पूर्वी जिथे लोहाराची भट्टी होती’, हे तुम्ही लिहिलंत?”

“हो. काही चुकलं का?”

“‘पूर्वी’ कशाला? ‘होती’ कशाला? ‘लोहाराच्या भट्टीपाशी’ एवढं पुरे होतं. पेपरला जागा जास्त झाली का?”

मी अचूकतेबद्दल काहीतरी बोललो. आमच्या धंद्यात ते बोलावेच लागते. नानांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “माणसाला बरोबर जागी उतरवायचं असतं. इतिहास नंतर सांगता येतो.”

अशी आठ-दहा वर्षे गेली. गल्लीने नानांना तऱ्हेवाईक ठरवून टाकले होते आणि त्यात कोणाचे काही बिघडत नव्हते. मीही तेच धरून चाललो होतो. एका वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर मी व्हिडिओच्या दुकानात उभा असताना डोंगराकडच्या तीन-चार बायका दारात आल्या. गुडघ्यापर्यंत खोचलेली लुगडी, डोक्यावर बोचकी, एकीच्या पाठीला बांधलेले मूल. दुकानावर मोठी इंग्रजी पाटी होती, भिंतीवर नटनट्यांची चित्रे होती. त्यांनी यातल्या कशाकडेही पाहिले नाही.

“दादा, कंदिलवाला कठं रं?”

व्हिडिओवाला टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला, “हाच कंदिलवाला. ओट्याला जायचंय ना? सरळ जा. लोहार झाला की कल्हईवाला, मग पिंजारी लागंल. त्याच्यासमोर ओटा.”

बायका निघाल्या. मी त्यांच्या मागे गेलो. लोहाराच्या भट्टीपाशी स्कूटरच्या सुट्या भागांच्या मालकाने न विचारताच पुढे बोट दाखवले. पिंजाऱ्यापाशी सुलभाताई कोणाच्या तरी भुवया कोरत होत्या. त्यांनी आतूनच सांगितले, “हो, पिंजारी हाच. तो बघा समोर ओटा.”

इतकी वर्षे मला वाटत होते की नाना गिऱ्हाइकांची दिशाभूल करतात. ते दुकानदारांना शिकवत होते. रोज सकाळी, दोन टोले देऊन, त्यांच्या इच्छेविरुद्ध. वर्षातून एकदा येणाऱ्या आणि पाटी न वाचता येणाऱ्या माणसाने जुने नाव विचारले, तर ज्याला विचारले त्याला ते ठाऊक असले पाहिजे, एवढीच त्यांची व्यवस्था होती. आणि ती बिनचूक चालत होती.

समोरचा ओटा म्हणजे घोंगडीवाल्याचा ओटा. जुन्या दुकानांपैकी तेवढे एक टिकून होते. दुकान बेताचे, पण पुढचा दगडी ओटा उंच आणि ऐसपैस. भात आणि नागली, म्हणजे नाचणी, निघाली की सुरगाण्याच्या बाजूची माणसे टोळ्यांनी खाली येत. निफाडकडच्या द्राक्षबागांतला, उसातला मुकादम टेम्पो घेऊन येई आणि या ओट्यावरून त्यांना घेऊन जाई. वेगवेगळ्या गाड्यांनी आलेले इथे एकत्र होत. बाजारात चुकलेली माणसे इथेच सापडत. नाना त्या दिवसांत सकाळपासून ओट्यावर बसून असत. टोळी आली की माणसे मोजत, कोणी मागे राहिले का ते विचारत आणि टेम्पो हलला की चिमटा दोनदा वाजवत.

ओटाच का, हे त्यांनी मला तिथे बसूनच सांगितले. म्हणजे हा भाग ऐकीव आहे. नोकरीतल्या सुरुवातीच्या काळात यमुनाबाई भोये नावाची एक नवी नवरी त्यांच्या गाडीने पहिल्यांदा नाशकात आली. नवरा टोळीबरोबर आधीच खाली आला होता. नानांनी तिला सांगितले, लोहाराच्या भट्टीपाशी थांब, तुझा माणूस तिथे येईल. भट्टी त्याच आठवड्यात बंद होऊन तिथे गोणपाट लागले होते, हे नानांना माहीत नव्हते. तिने ज्याला त्याला लोहार विचारला. प्रत्येकाने सांगितले, इथे लोहार नाही.

“खोटं कोणीच बोललं नाही,” नाना म्हणाले. “लोहार नव्हताच. पण ती गंगेवर, गोदेच्या घाटावर, बसून राहिली दोन दिवस. टोळी निघून गेली. मी पुढच्या फेरीला परत आलो तेव्हा स्टॅण्डवर दिसली. मला वाटलं शिव्या देईल. म्हणाली, ‘तू सांगितलास तसं नवतं.’ बस, एवढंच.”

त्यानंतर त्यांनी गाडीत घोंगडीवाल्याचा ओटा सांगायला सुरुवात केली, कारण दगड कुठे जात नाही असा त्यांचा हिशेब होता. चुकलात तर घोंगडीवाल्याचा ओटा. हे वाक्य त्यांनी सुरगाण्यापर्यंत पोचवले. यमुनाबाई पुढे टोळीची म्होरकी झाली. दरवर्षी येताना ती नानांसाठी फडक्यात बांधून नागलीचे पीठ आणी. दोघांचे बोलणे फारसे होत नसे. ती ओट्याच्या एका कडेला बसे, नाना दुसऱ्या.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात घोंगडीवाल्याच्या मुलांनी दुकान विकले. घेणारा प्रकाश साळवे नाक्यापलीकडच्या बौद्ध वसाहतीतला, तिशीतला, कष्टाळू मुलगा. वडील एका कचेरीत शिपाई होते. प्रकाशला जनरल स्टोअर काढायचे होते. आईच्या नावाने, ‘सुजाता जनरल स्टोअर्स’. दर्शनी बाजूला रस्त्यालगत काच बसवायची होती आणि कार्तिकी पौर्णिमेला उद्घाटन करायचे होते. त्यासाठी ओटा काढावा लागणार होता. डोंगरावरच्या टोळ्याही त्याच सुमारास उतरत.

गवंडी माप घ्यायला आला त्या दिवशी नाना तिथे गेले.

“प्रकाशराव, ओटा ठेवा.”

“नाना, काच लावायचीय. ओट्यावर ती बसत नाही.”

“मग काच मागे घ्या.”

“दुकान आहे केवढं? काच मागे घेतली तर मी बसू कुठं?”

“ओट्यावर.”

गवंडी हसला. प्रकाश हसला नाही. “या ओट्यावर माझा आजा कधी चढला नाही, नाना,” तो म्हणाला. “घोंगडी घ्यायला यायचा. खाली रस्त्यात उभा राहायचा. वरून घोंगडी टाकायचे, ती झेलायची. माझ्या वडिलांनी लहानपणी बघितलंय ते. आता ओटा माझा झालाय, तर मला तो नकोय. माझ्या दुकानात ज्याला यायचं त्यानं रस्त्यावरून सरळ आत यावं. चढायचं काम नाही आणि खाली उभं राहायचं काम नाही.”

नानांनी ओट्याच्या दगडावर हात ठेवला.

“हे बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “पण ती माणसं येणार. त्यांना मी ओटाच सांगितलाय.”

“मग आता दुसरं काहीतरी सांगा.”

“कसं सांगू? मी गाडीवर नाही आता.”

दुसऱ्या दिवशी पहार घेऊन माणसे आली तेव्हा नाना ओट्यावर बसलेले होते. भांडण नव्हते, घोषणा नव्हती. नुसते बसले होते. प्रकाशने हात जोडले. गल्ली जमली. एवढी गर्दी पाहिल्यावर नानांना राहवले नाही, ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “काम नसलेल्यांनी पुढे सरका!” म्हणताना सवयीने त्यांनी एक पाऊल मागे घेतले आणि वरचा दांडा धरायला हात उंचावला. दांडा नव्हता. घाटातल्या चालत्या गाडीत सारी नोकरी उभ्याने केलेला माणूस जागच्या जागी असलेल्या ओट्यावरून पडला. मांडीचे हाड मोडले.

त्यांना उचलून रिक्षात घातले ते प्रकाशनेच. दवाखान्यातले दिवस त्याने नानांपाशी काढले. नाना प्लॅस्टर घालून घरी आल्यावर दोन वेळचा डबा त्याच्या घरून येऊ लागला. नानांची खोली गल्लीच्या मागच्या अंगाला, वरच्या मजल्यावर होती. बायको नोकरीत असतानाच वारलेली, मूलबाळ नाही. तिथे मी पहिल्यांदा गेलो तो या आजारपणात. खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर कोणी बसत असेल असे वाटत नव्हते.

“या घोंगडीवाले,” डबा आला की नाना म्हणत.

“मी साळवे, नाना.”

“ते माणसाचं नाव. मी दुकानाला म्हणतोय.”

प्रकाश डबा ठेवून निघून जाई. मधल्या काळात ओटा निघाला होता. हे नानांना कोणी सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही.

दिवाळी झाली तसे नाना अस्वस्थ झाले. जेवण कमी झाले. खिडकीतून गल्ली दिसत नव्हती, तरी ते खिडकीकडेच तोंड करून पडत. “सुलभाताईंना आठवण द्या,” ते मला म्हणाले. “पिंजारी विचारतील.” मी सुलभाताईंना सांगितले. त्या रागावल्या. “हे आता मला सांगायचं? झोपेतसुद्धा सांगेन मी.”

“पण पिंजाऱ्यापासून पुढे काय?” नाना म्हणाले. “समोर काच दिसली की ती माणसं मागे फिरतील. काच बघून आत शिरणारी माणसं नाहीत ती. एक टोळी फुटली की पोरंबाळं रस्त्यावर.”

“प्रकाशला सांगून बघू का?”

“नको. त्याला सांगायला मला तोंड नाही. त्यानं सांगितलं ते खरं होतं.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “तुम्ही उभे राहाल का तिथं? ‘घोंगडीवाल्याचा ओटा’ एवढंच म्हणायचं. बाकी काही सांगत बसू नका.”

मी कबूल केले. टोळ्या पौर्णिमेच्या दिवशीच उतरल्या. दुपारी कचेरीतून सुटून मी गल्लीत शिरलो तेव्हा उद्घाटनाची बुद्धवंदना होऊन गेली होती. काचेला पांढऱ्या फुलांच्या माळा होत्या. नवे कपडे घातलेले पाहुणे खुर्च्यांवर बसून पेढे खात होते. आणि समोरच्या बाजूला, पार्लरच्या भिंतीला चिकटून, पंधरा-वीस माणसे बोचकी घेऊन उभी होती. सुलभाताई पुन्हा पुन्हा समोर बोट दाखवत होत्या. माणसे काचेकडे पाहत होती आणि हलत नव्हती. सगळ्यांत पुढे यमुनाबाई होती. तिने हाताचा आडोसा करून पाहिले आणि मान हलवली.

मी पुढे होणार तेवढ्यात प्रकाश काचेच्या दारातून बाहेर आला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. रस्त्याच्या मध्ये उभा राहून त्याने आवाज लावला, “घोंगडीवाल्याचा ओटा! घोंगडीवाल्याचा ओटा इथंच! या, पुढे या!”

त्याचे मामा खुर्चीवरून उठले. “अरे, आज पहिला दिवस. आज तरी आपलं नाव घे.”

“नाव लावलंय की वर, मामा. ते कुठं पळून जातंय?” तो आत वळला. “सतरंजी काढा ती. खालची, खालची. पाहुण्यांनी जरा पाय वर घ्या.”

सतरंजी दुकानाच्या आतल्या भिंतीपासून रस्त्यापर्यंत अंथरली गेली. तरी माणसे उभीच राहिली. प्रकाश यमुनाबाईपुढे गेला.

“आजी, बसा. तुमचाच ओटा आहे. फक्त खाली आणलाय.”

यमुनाबाईने पायाने सतरंजी चाचपली. मग ती दुकानात शिरली आणि नव्या कोऱ्या काउंटरला पाठ लावून बसली. तिच्यामागे सगळी टोळी आली. निम्मी माणसे आत, निम्मी बाहेर. पहिल्या दिवसाची गिऱ्हाइके बोचक्यांतून वाट काढत साबण आणि वह्या घेऊन गेली. पेढे सगळ्यांना पुरले नाहीत, तेव्हा बरणीतल्या गोळ्या वाटल्या. टेम्पो आला. प्रकाशने स्वतः माणसे मोजून मुकादमाच्या ताब्यात दिली. त्याला ते नीट जमले नाही. एकदा चुकून त्याने आपल्या मामांनाही धरले.

टेम्पो निघून गेल्यावर दिसले की यमुनाबाई मागे राहिली आहे.

“आजी, टेम्पो गेला!” प्रकाश ओरडला.

“जाऊ दे. कंडक्टर कठं हाय?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. नानांचे घर आजवर कोणी विचारलेच नव्हते. ते नेहमी ओट्यावर असत आणि तिथे भेटत. प्रकाशने तिचे बोचके उचलले आणि तिचा हात धरला. तिला जिना दिसत नव्हता. पायरी आली की तो सांगत होता.

नानांनी तिला दारात पाहिले आणि पहिल्यांदा विचारले, “सगळे बसले?”

“बसले.”

“कोणी मागे?”

“मी.”

“तुझा टेम्पो चुकला?”

“चुकला नाय. मी कामाला नाय आले. अवंदा डोळं गेलं.” ती भिंत धरून खाली बसली. “आता नाय होत काम. पोरं म्हंत व्हती, घरी राहा.”

“मग एवढ्या लांब आलीस कशाला?”

“तुला भेटाया.”

नानांनी आमच्याकडे पाहिले आणि नेहमीच्या आवाजात प्रकाशवर ओरडले, “आणि तुम्ही काय इथं? पहिल्या दिवशी दुकान उघडं टाकून? चला, उतरा खाली!”

आम्ही बाहेर पडलो. दार ओढून घेताना यमुनाबाई खुर्चीच्या पायाला टेकून बसलेली दिसली. ती फडक्याची गाठ सोडत होती. “तुना पाय कसा आहा?” तिने विचारले.

जिन्यात प्रकाश थांबला. मीही थांबलो. वर नाना बोलत होते, बराच वेळ बोलत होते. काय बोलत होते ते मात्र आम्हाला ऐकू आले नाही. नानांचे बोलणे ऐकू येत नाही, असे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच झाले.